पत्रिकेच्या पाठीवर सिनेमा : स्टोरीबोर्ड असा काढा

अमळनेरात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि त्याच सुमारास कॉलेजची पोरंही दारात येऊन उभी राहतात. "आप्पा, एक दिवस कॅमेरा द्या ना. शॉर्ट फिल्म करी ऱ्हायनूत."

मी विचारतो, "कागद कुठंय?"

पोरं मोबाइल पुढं करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर संवाद लिहिलेले असतात. छान असतात बऱ्याचदा. मी म्हणतो, हे ऐकायचं झालं, बघायचं कुठंय? चित्रं काढून आणा, मग कॅमेरा. यावर सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं : "आप्पा, आपल्याला चित्र येत नाही." मग मी गल्ल्यातून माझी जुनी कार्डं काढून दाखवतो. त्यात एक गाय आहे. ती गाय आहे हे मला सांगावं लागतं, नाहीतर लोक टेबल समजतात. पण ती गाय चौकटीत कुठं आहे, केवढी आहे आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे बरोबर आहे. कॅमेरामनला तेवढंच पुरतं.

लग्नाला स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं आधीच काढून ठेवलेलं चित्र, लागत नाही. हळदीनंतर काय, मंगलाष्टकांनंतर काय, हे मांडवातल्या आजीलाही पाठ असतं. मी फक्त एक पाऊल आधी जाऊन उभा राहतो. याच सवयीनं मी माझी स्वतःची पहिली फिल्म करायला गेलो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, बोरी नदीचं कोरडं पात्र, दोन मित्र समोरासमोर बसून भांडतायत. आधी एकाचे सगळे शॉट घेतले, मग पलीकडं जाऊन दुसऱ्याचे. घरी येऊन एडिटिंगला बसलो तर दोघंही उजवीकडं बघून बोलतायत. भांडण एकमेकांशी नव्हतंच, दोघं मिळून तिसऱ्याच कुणाशी तरी भांडत होते. त्यात आपल्या जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात त्या दिवसांत भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. कपाळाची सावली डोळ्यांत पडलेली, डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. दिवस गेला, जेवणावळीचे पैसे गेले, आणि एक मित्र अजून म्हणतो, माझा रोल का कापला?

म्हणून कागद.

ही काही माझी कल्पना नाही. अमेरिकेत डिस्नेच्या स्टुडिओत १९३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कार्टूनची चित्रं सुट्या कागदांवर काढून भिंतीवरच्या बोर्डाला टाचायची पद्धत पडली, 'बोर्ड' तिथूनच आला. सत्यजित राय आधी जाहिरातीच्या कंपनीत चित्रकार होते. 'पथेर पांचाली'ची (१९५५) दृश्यं त्यांनी आधी चित्रांतच उतरवून काढली होती. त्यांचा हात फार चांगला होता. आपला नाही, हरकत नाही.

आता कसं करायचं ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात एका पोरीनं केलेल्या फिल्मचंच उदाहरण घेतो, कारण ती कार्डं अजून माझ्यासमोर आहेत. गोष्ट एवढीशीच. मोठा भाऊ सुरतला कंपनीत कामाला चाललाय. मायनं बांधून दिलेला भरीत-भाकरीचा डबा घरीच विसरला. धाकटा मोठ्याच्या सायकलवर डबा घेऊन स्टेशनकडं निघतो. गाडी चुकते. धाकटा डबा उघडतो आणि स्वतःच खातो. चार मिनिटं.

तिच्या पहिल्या लिखाणात एक वाक्य होतं : "धाकट्याला दादाबद्दल खूप माया वाटत असते." मी त्यावर पेन्सिलनं काट मारली. 'वाटत असते' याचा फोटो निघत नाही. तुमची गोष्ट हातात घ्या आणि प्रत्येक वाक्याला विचारा, याचा फोटो निघेल का? नसेल निघत तर त्या जागी निघेल असं काहीतरी शोधा. दोन दिवस डोकं खाजवून ती आली : सायकल दादाची आहे, उंच आहे, धाकट्याचे पाय सीटवरून पोचत नाहीत, म्हणून तो नळीखालून पाय घालून चालवतो. झालं. दादाची सायकल, दादाएवढं व्हायची घाई, सगळं एका चित्रात आलं आणि एक शब्द बोलावा लागला नाही.

चित्र काढायच्या आधी जागेचा नकाशा काढा. वरून, पाखराला दिसेल तसा. घर इथं, रस्ता असा, झाड इथं, माणूस इथं. कॅमेऱ्यासाठी व्ही आकाराची खूण, तिचं उघडं तोंड कॅमेरा बघतोय त्या दिशेला. मी हे ताटात मांडून दाखवतो : काडेपेटी म्हणजे घर, बांगडी म्हणजे विहीर, लवंगा म्हणजे माणसं. पोरं हसतात. हसू द्या. आपल्याच चाळीसगावात फोटोग्राफर केकी मूस घराबाहेर क्वचितच पडायचे, पण टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी डोंगर-दऱ्यांचा भास देणारे फोटो काढले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, स्टेशनजवळच. चित्रपट करणाऱ्या पोरांनी अजिंठ्याची सहल करायच्या आधी तिथं एक दुपार घालवावी असं माझं मत आहे.

या नकाशावरच माझ्या नदीतल्या चुकीचा इलाज आहे. बोलणाऱ्या दोघांच्या मधून एक सरळ रेघ ओढा, एकाच्या नाकापासून दुसऱ्याच्या नाकापर्यंत. कॅमेरा कितीही हलवा, जवळ न्या, लांब न्या, पण त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. मग एक कायम उजवीकडं बघेल, दुसरा कायम डावीकडं, आणि प्रेक्षकाला ते समोरासमोर बसलेत असं वाटेल. रेघ ओलांडायचीच असेल तर मधे एक शॉट असा टाका ज्यात माणूस स्वतः फिरताना दिसतो किंवा कॅमेरा दिसत दिसत पलीकडं जातो. चालणाऱ्या माणसालाही अशी रेघ असते, तो चाललाय तीच. धाकटा स्टेशनकडं जाताना पडद्यावर नेहमी डावीकडून उजवीकडं जाणार, हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं. घराकडं परतेल तेव्हा उजवीकडून डावीकडं. एवढं पाळलं तर "मी आता घरी चाललो" असं कुणाच्या तोंडी घालावं लागत नाही.

आता इथं ऊन आलं. रस्ता पूर्व-पश्चिम, आणि गोष्टीतलं स्टेशन पश्चिमेला. पोरीनं कार्डावर धाकट्याला डावीकडून उजवीकडं, पश्चिमेकडं जाताना काढलं. म्हणजे कॅमेरा रस्त्याच्या उत्तरेला उभा राहून दक्षिणेकडं बघणार. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो. भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ माणसाएवढी लांब पडते. म्हणजे ऊन थेट लेन्समध्ये आणि पोराचं तोंड काळं. मी म्हटलं, पोराला पूर्वेकडं पळव. कॅमेरा दक्षिणेच्या बांधावर, ऊन कॅमेऱ्याच्या पाठीला, पोरगा तरीही डावीकडून उजवीकडंच जाईल. ती म्हणाली, "पण आप्पा, स्टेशन तिकडं नाही." अगं माय, हे तुला ठाऊक, मला ठाऊक, पडद्याला कोण सांगणार आहे? प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात छोटा सूर्य काढून ठेवायचा, तो यासाठी.

कार्ड कशाचं करायचं? माझ्याकडं उरलेल्या लग्नपत्रिकांचा ढीग असतो. नमुन्याच्या, नाव चुकलेल्या, तारीख बदललेल्या. जाड कागद, पाठ कोरी. त्यावर ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच चौकट आखा. हे माप १६:९ मध्ये बसतं, म्हणजे मोबाइल आडवा धरून शूट केलं की जी चौकट मिळते तीच. चौकोनी किंवा उभ्या चौकटीत चित्रं काढून आडवं शूटिंग केलं तर सगळी मेहनत वाया. एका कार्डावर एकच चित्र. वहीत सलग काढू नका. वहीतलं पान हलवता येत नाही आणि स्टोरीबोर्डची अर्धी मजा कार्डं हलवण्यात आहे.

काढायचं पेन्सिलनं, आणि वाईटच काढायचं. एका चित्राला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर तुम्ही सजावट करताय. काडीची माणसं चालतात. मात्र तीन गोष्टी चुकवायच्या नाहीत.

पहिली, माणूस चौकटीत केवढा. मुंगीएवढा असेल तर वाइड, कमरेपासून वर असेल तर मिड, नुसता चेहरा किंवा हात असेल तर क्लोज-अप. दुसरी, नाक कुठल्या बाजूला. काडीच्या माणसालाही नाक काढाच, एक छोटी रेघ. रेघेची सगळी भानगड नाकावरच ठरते. तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही : क्षितिजाची रेघ. आपल्या कपाशीच्या सपाट रानात ती रेघ माणसाला जिथं कापते तेवढ्या उंचीवर कॅमेरा असतो. कमरेवर कापली तर कॅमेरा कमरेएवढा, डोळ्यांवर कापली तर डोळ्यांएवढा, पायांजवळ कापली तर कॅमेरा जमिनीला टेकलेला आणि पोरगा आभाळात उभा. म्हणजे नुसती रेघ ओढलीत की स्टँड किती उंच करायचा हे माझ्यासारख्याला न बोलता कळलं.

बाण दोन रंगांत. लाल बाण चौकटीच्या आत, माणूस कुठं जातो त्याचा. निळा बाण चौकटीच्या बाहेर, कॅमेरा कुठं सरकतो त्याचा. दोन्ही एकाच रंगात काढले की शूटिंगच्या दिवशी पोरगा उभा राहतो आणि कॅमेरामन पळत सुटतो. चौकटीखाली तीन ओळी : काय घडतं, काय ऐकू येतं, किती सेकंद. कार्ड नंबर वर उजवीकडं. मधेच नवीन शॉट सुचला तर १२ आणि १३ च्या मधे १२अ करा; सगळे नंबर बदलत बसू नका.

चेन उतरण्याचा प्रसंग तिनं असा काढला होता :

९. वाइड. रस्ता, दोन्हीकडं कपाशी. डावीकडून धाकटा येतो, बारीक दिसतो. सायकलचा करकर आवाज. ५ सेकंद.

१०. मिड, बाजूनं. नळीखालून पाय. हँडलला डबा हेलकावतोय. ४ सेकंद.

११. क्लोज-अप. चेन. खट्. २ सेकंद.

१२. मिड, दहासारखाच. पाय रिकामा फिरतो, सायकल थांबते. ३ सेकंद.

१३. क्लोज-अप. चेहरा उजवीकडं वळतो. लांबून गाडीचा भोंगा. ३ सेकंद.

१४. क्लोज-अप. काळे हात चेन बसवतायत. मागं रस्त्यावर ठेवलेला डबा, धूसर. ६ सेकंद.

१५. वाइड, नऊचीच जागा. धाकटा उजवीकडं निघून जातो. ५ सेकंद.

कार्डं सतरंजीवर ओळीनं मांडली. (पंखा बंद करा आधी. मी एकदा विसरलो होतो, चाळीस कार्डं घरभर.) मी चौदा बघितलं, पंधरा बघितलं आणि विचारलं, "डबा कुठंय?" चौदामध्ये डबा रस्त्यावर होता, पंधरामध्ये हँडलला काढायचा राहून गेला होता. ती पेन्सिल घेऊन काढायला वाकली आणि तशीच थांबली. मग म्हणाली, "आप्पा, तो विसरूनच गेला तर?"

मग पंधरा असं झालं : धाकटा उजवीकडं निघून जातो. रस्ता रिकामा, मधोमध डबा. तीन सेकंद काहीच नाही. मग उजवीकडून पळत परत येतो, डबा उचलतो, पुन्हा उजवीकडं पळतो. ५ सेकंदांचे १० झाले. मोठा जसा विसरला तसाच धाकटाही विसरला, भाऊ आहेत शेवटी. कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा सगळ्यात मोठा हशा तिथं पिकला. हा शॉट लिहिलेल्या गोष्टीत कुठंच नव्हता, तो चुकलेल्या चित्रातून आला. आणि रस्त्यावर शूटिंग चालू असताना सुचला असता तर? तोवर नऊचीच जागा सोडून आम्ही दोन किलोमीटर पुढं गेलो असतो.

स्टेशनचं मात्र अवघड होतं. रेल्वेच्या हद्दीत शूटिंग करायला परवानगी लागते आणि विद्यार्थ्यांना त्या कागदपत्रांची दमछाक झेपत नाही. तिनं फलाट, डबे, खिडकीतला दादा असं सगळं मिळून अकरा कार्डं काढली होती. आम्ही प्रत्येक कार्डाला विचारलं, हे बघायलाच पाहिजे का, की ऐकून चालेल? गाडी ऐकून चालते. उरली तीन कार्डं : धाकट्याचा चेहरा, त्याच्या तोंडावरून पळणारी उजेड-सावली, आणि मग शांतता. उजेड-सावलीसाठी लांब पुठ्ठ्याला चौकोनी खिडक्या कापल्या आणि दिव्यासमोरून भराभर ओढला. गाडी माझ्या दुकानात आली आणि गेली.

कार्डं पक्की झाली की प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा, एडिटिंगच्या कुठल्याही साध्या अ‍ॅपमध्ये ओळीनं टाका, ज्याला जेवढे सेकंद लिहिलेत तेवढा वेळ ठेवा. संवाद स्वतःच्या आवाजात घड्याळ लावून मोठ्यानं म्हणा, मनात नको. मनात माणूस दुप्पट वेगानं बोलतो. चेनचा आवाज तोंडानं काढा. हे बघायला लाज वाटते, पण घरच्यांना दाखवाच. तिच्या आजीनं पाहिलं आणि सुरुवातीच्या निरोपाच्या प्रसंगात उठून पाणी प्यायला गेली. तिथं सात कार्डं होती, तीन केली.

यानंतर कार्डं पुन्हा विस्कटायची. आता गोष्टीच्या क्रमानं नाही, शूटिंगच्या क्रमानं. एका जागेची सगळी एकत्र, एका उजेडाची सगळी एकत्र. नऊ आणि पंधरा यांची जागा एकच, म्हणजे स्टँड न हलवता लागोपाठ. स्वयंपाकघर सकाळी, कारण तिथली खिडकी पूर्वेला. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतानाचे शॉट दोन होते, आणि भाजलेलं वांगं परत कच्चं होत नाही. दोन शॉट, प्रत्येकी एक जादा खेप, म्हणजे वांग्यांचे चार वाटे वेगळे ठेवायचे. हा हिशेब कार्डावर दिसला, नाहीतर दुपारी बाजारात पळावं लागलं असतं. डब्याचं फडकं कुठल्या कार्डात बांधलेलं, कुठल्यात सुटलेलं, हेही मागं लिहून ठेवा. नवख्या पोरांचे दिवसाला पंधरा-वीस शॉट नीट होतात, माझा अनुभव असा आहे. चौतीस कार्डं असतील तर दोन दिवस धरा. एका दिवसात उरकू म्हणणारे अंधार पडल्यावर मोबाइलच्या टॉर्चवर शूट करतात, आणि ते तसंच दिसतं.

शूटिंगच्या दिवशी कार्डं एकाच माणसाकडं. शॉट झाला की कोपऱ्यात टिक. दिग्दर्शकाकडं देऊ नका, तो हरवतो. दोन-तीन कोरी पत्रिका बरोबर ठेवा. आमच्या वेळी दहा नंबर चालू असताना समोरून मेंढरांचा मोठा कळप आला आणि रस्ता भरून गेला. पोरं "थांबा थांबा" करायला लागली. ती मात्र दक्षिणेच्या बांधावरून हलली नाही, म्हणाली, चालू ठेवा. धाकटा उजवीकडं जायला बघतोय आणि मेंढरं डावीकडं वाहतायत. कोऱ्या कार्डावर तिनं नंतर दहा-अ लिहून ठेवलं आणि शंभर मेंढरांच्या जागी शंभर टिंबं काढली. तिला बाजू पाठ होती म्हणून तो शॉट जोडला गेला. पलीकडच्या बांधावरून घेतला असता तर फेकावा लागला असता.

शेवटचं कार्ड चौतीस. धाकटा बांधावर बसून भरीत खातोय, हात अजून चेनच्या काळ्या तेलाचे, नाक डावीकडं. शूटिंगच्या दिवशी त्या कार्डावर भरताचं बोट लागलं, तो तेलाचा डाग तसाच आहे.

कॅमेरा पाहिजे असेल तर कार्डं घेऊन सोमवार ते गुरुवार या. लग्नाच्या तिथीला मागू नका, मिळणार नाही.